हिवतापाच्या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडे एलायझाने कशी मोजावीत

तापाने फणफणलेल्या माणसाला आज हिवताप झाला आहे की नाही, हे ठरवण्यासाठी पुढे सांगितलेली चाचणी उपयोगाची नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. त्यासाठी बोट टोचून काचपट्टीवर घेतलेला रक्तनमुना किंवा आशाताईंच्या पिशवीतली जलद निदान किट हेच मार्ग आहेत, कारण त्या दोन्हींत प्रत्यक्ष परजीवी किंवा त्याने रक्तात सोडलेले प्रथिन शोधले जाते. प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचणीला विचारायचा प्रश्न वेगळा असतो: या शरीराची या परजीवीशी पूर्वी कधी गाठ पडली होती का, आणि पडली असेल तर त्याच्या पृष्ठभागावरच्या कोणत्या प्रथिनाची ओळख शरीराने अजून धरून ठेवली आहे. गडचिरोलीतल्या धानोरा किंवा कोरची तालुक्यातील एखाद्या गावात ऐन उन्हाळ्यात शंभर जणांच्या काचपट्ट्या तपासल्या आणि सगळ्या निरंक निघाल्या, तरी त्या गावात गेल्या पावसाळ्यात काय घडले होते याचा माग सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, सापडू शकतो. हा माग घेण्याची पद्धत, प्रथिन निवडण्यापासून आकड्यांचा अर्थ लावण्यापर्यंत, येथे मांडली आहे. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाचा विद्यार्थी आणि ज्याच्या हाती पहिल्यांदाच अशा सर्वेक्षणाचे नमुने आले आहेत असा संशोधन सहायक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

प्रथिनाची निवड

या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय पिपेट हातात घेण्यापूर्वीच होतो, आणि बहुतेक जण तो विचार न करता, म्हणजे शीतकपाटात जे प्रथिन उपलब्ध आहे त्यावरून, घेऊन टाकतात. हिवतापाचा परजीवी मनुष्याच्या शरीरात एकाच रूपाने राहत नाही. डास चावल्यावर शिरतो तो स्पोरोझॉइट. तो यकृतात जातो, तेथे हजारो पटींनी वाढतो, आणि तेथून रक्तात उतरतात ते मेरोझॉइट, जे तांबड्या पेशींत घुसतात. प्रत्येक रूपाच्या अंगावरची प्रथिने वेगळी असतात, त्यामुळे कोणत्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आपण मोजतो, यावरून आपण परजीवीच्या कोणत्या मुक्कामाची विचारपूस करत आहोत हे ठरते.

स्पोरोझॉइटवर सर्कमस्पोरोझॉइट प्रथिन, म्हणजे सीएसपी, दाट पसरलेले असते. फाल्सिपेरम जातीत त्याच्या मध्यभागी अ‍ॅस्पॅराजिन, अ‍ॅलानिन, अ‍ॅस्पॅराजिन, प्रोलिन या चार अमिनो आम्लांचा तुकडा माळेतल्या मण्यांप्रमाणे पुन्हा पुन्हा येतो. डास चावताना शरीरात जाणाऱ्या स्पोरोझॉइटची संख्या अगदी थोडी असते आणि ते रक्तात फार वेळ रेंगाळत नाहीत. म्हणून नैसर्गिक संसर्गानंतर सीएसपीविरुद्धची प्रतिपिंडे तुलनेने कमी आणि अल्पजीवी असतात. येथे एक नवी अडचणही आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये आरटीएस,एस या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आर२१ या लशीची शिफारस केली, आणि त्यांपैकी आर२१ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. दोन्ही लशींत सीएसपीचा हाच पुनरावर्ती भाग हिपॅटायटिस बी विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाला जोडलेला असतो. लस दिल्या जाणाऱ्या आफ्रिकी देशांतल्या बालकांच्या सीरममध्ये या भागाविरुद्ध भरपूर प्रतिपिंडे सापडली, तर ती डासामुळे आली की सुईमुळे, हे केवळ त्या आकड्यावरून सांगता येत नाही. लसीकरण झालेल्या वस्तीत संसर्गाचा माग घ्यायचा असेल, तर लशीत नसलेले एखादे प्रथिन सोबत घ्यावेच लागते.

गावपातळीवरच्या सर्वेक्षणात आजवर सर्वाधिक वापर झाला आहे तो मेरोझॉइट सरफेस प्रोटीन-१, म्हणजे एमएसपी-१, या प्रथिनाच्या शेवटच्या तुकड्याचा. सुमारे १९० ते २०० किलोडाल्टनचे हे मोठे प्रथिन मेरोझॉइट बाहेर पडताना तुकड्यांत कापले जाते. त्यातला ४२ किलोडाल्टनचा तुकडा पेशीत शिरण्याच्या वेळी पुन्हा ३३ आणि १९ असा विभागला जातो, आणि फक्त १९ किलोडाल्टनचा तुकडा मेरोझॉइटच्या अंगावर राहून त्याच्यासोबत तांबड्या पेशीत जातो. हा तुकडा वेगवेगळ्या वाणांत फारसा बदलत नाही, त्याविरुद्धची प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकतात, आणि फाल्सिपेरम व व्हायव्हॅक्स या दोन जातींच्या तुकड्यांमध्ये प्रतिपिंडांची सरमिसळ कमी होते. महाराष्ट्र आणि गोव्यासारख्या, दोन्ही जाती आढळणाऱ्या भागासाठी हा शेवटचा गुण निर्णायक ठरतो: पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरमचे प्रमाण मोठे असते, तर गोव्यात आणि मुंबईत व्हायव्हॅक्सचे. अशा ठिकाणी एकाच जातीचे प्रथिन वापरून केलेले सर्वेक्षण अर्धेच चित्र दाखवते, म्हणून दोन्ही जातींचे एमएसपी-१ स्वतंत्र प्लेटांवर लावावे.

दुसरे नेहमीचे प्रथिन एएमए-१, म्हणजे एपिकल मेम्ब्रेन अँटिजेन-१. ते कमालीचे संवेदनक्षम आहे; एखाददुसऱ्या संसर्गानंतरही त्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडे तयार होतात, म्हणून जेथे हिवताप कमी झाला आहे तेथे ते उपयोगी पडते. मात्र ते वाणावाणाप्रमाणे फार बदलते. या बदलाची किंमत किती असते ते मालीतील बांदियागारा येथे ४०० बालकांवर झालेल्या लशीच्या चाचणीत दिसले, जिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले: थ्रीडी-सेव्हन या वाणाच्या एएमए-१ पासून बनवलेल्या लशीने एकूण हिवतापापासून लक्षणीय संरक्षण दिले नाही, परंतु लशीतल्याशी मिळतेजुळते एएमए-१ असलेल्या परजीवींपुरता परिणाम ६४ टक्के निघाला. मोजणाऱ्याने यातून घ्यायचे ते इतकेच की, एएमए-१ वापरताना तो कोणत्या वाणाचा आहे हे वहीत नोंदवल्याशिवाय आकडा लिहू नये. एमएसपी-२ मध्ये तर थ्रीडी-सेव्हन आणि एफसी-२७ अशी दोन सरळ कुळेच आहेत, आणि दोन्ही लावली नाहीत तर निकाल अपुरा राहतो.

संसर्ग झालेल्या तांबड्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर येणारे पीएफईएमपी-१ हे प्रथिन नवशिक्याने टाळावे. त्याची सुमारे ६० जनुके एकाच परजीवीत असतात आणि परजीवी एकामागून एक वेश बदलत राहतो. कोणता वेश मोजायचा हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. अपवाद एकच, तो म्हणजे गरोदरपणातल्या हिवतापाचा अभ्यास, ज्यात वारेला चिकटणाऱ्या व्हीएआर२सीएसए या रूपाविरुद्धची प्रतिपिंडे मुद्दाम मोजली जातात.

प्रथिनाची घडी

प्रथिन विकत घेतले असो वा ई. कोलाय जिवाणूत स्वतः तयार केलेले असो, त्याची घडी शाबूत आहे की नाही हे पाहणे आवश्यक आहे. एमएसपी-१ च्या १९ किलोडाल्टनच्या तुकड्यात फाल्सिपेरम जातीत १२ सिस्टीन ही अमिनो आम्ले असतात, आणि ती दोन-दोनच्या जोड्यांनी गंधकाच्या बंधांत बांधलेली असतात. माणसाच्या सीरममधली बहुतेक प्रतिपिंडे या बंधांमुळे तयार झालेला त्रिमिती आकार ओळखतात. बंध तोडले की प्रथिन तेच राहते, वजन तेच राहते, जेलवर पट्टाही दिसतो, पण सीरम त्याकडे ढुंकून पाहत नाही. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. प्रथिनाचा एक भाग जसाच्या तसा आणि दुसरा भाग डीटीटी (हे बंध तोडणारे रसायन) घालून तापवलेला, असे दोन्ही जेलवर चालवून पडद्यावर उतरवावेत आणि हिवतापाच्या भागात वाढलेल्या प्रौढाच्या सीरमने तपासावेत. पहिल्या पट्ट्यावर ठळक रंग आणि दुसऱ्यावर जवळपास काहीच नाही, असे दिसले तर घडी ठीक आहे. दोन्हींवर सारखाच फिकट रंग आला तर ते प्रथिन प्लेटवर घालण्यात अर्थ नाही.

दुसरी खबरदारी शेपटीची. शुद्धीकरण सोपे व्हावे म्हणून प्रथिनाला जीएसटीसारखे दुसरे प्रथिन जोडलेले असते, आणि काही लोकांच्या सीरममध्ये जीएसटी किंवा त्यासोबत राहून गेलेल्या जिवाणूच्या प्रथिनांविरुद्धही प्रतिपिंडे असतात. अशा वेळी नुसत्या जीएसटीने लेपलेले वेलही प्लेटवर ठेवावेत आणि प्रत्येक सीरमचा तो आकडा मूळ आकड्यातून वजा करावा. हे वेळखाऊ आहे, पण न केल्यास ‘हिवताप न पाहिलेल्या’ माणसातही प्रतिपिंडे सापडू लागतात आणि मग त्याची कारणे शोधत महिने जातात.

नमुने

शिरेतून रक्त काढून सीरम वेगळे करणे ही आदर्श पद्धत असली, तरी पाड्यावर सेंट्रिफ्यूज आणि बर्फाची पेटी घेऊन जाणे दरवेळी शक्य नसते, म्हणून गाळणकागदावरचे रक्ताचे ठिपके हीच बहुतेकांची वाट असते. बोटाच्या टोकाला लॅन्सेटने टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकावा, दुसरा थेंब कागदाला टेकवावा आणि तो आपोआप पसरू द्यावा. बोट कागदावर दाबून घासू नये, त्याने ठिपका एकसारखा भरत नाही. कागद आडवा ठेवून, माश्या बसणार नाहीत अशा जागी, सावलीत निदान काही तास पूर्ण वाळू द्यावा. पावसाळ्यात हेच सर्वांत अवघड जाते. हवेतल्या दमटपणामुळे ठिपका वरून वाळलेला दिसतो आणि आत ओलाच राहतो. तो तसाच पिशवीत भरला की आठवड्याभरात त्यावर बुरशी येते. म्हणून रात्रभर वाळवूनच, प्रत्येक कागद वेगळ्या झिपच्या पिशवीत, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा, आणि पुडी निळ्याची गुलाबी झाली की बदलावी. काही आठवड्यांसाठी ४ अंश आणि त्याहून अधिक काळासाठी उणे २० अंश सेल्सिअस तापमान योग्य.

नमुने घेण्यापूर्वी नैतिक समितीची मान्यता आणि प्रत्येकाची लेखी संमती लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या घरात मराठी संमतीपत्र वाचून दाखवणे म्हणजे संमती नव्हे. भाषा जाणणारा स्थानिक माणूस सोबत हवाच. नावाऐवजी क्रमांक लिहावा, आणि वय मात्र शक्य तितके अचूक विचारावे, कारण पुढची सगळी आकडेमोड वयावर उभी असते. ‘पोळ्याच्या सुमाराला, मोठ्या पुराच्या वर्षी’ असे उत्तर मिळाले तर तेही टिपून ठेवावे. घरातल्या लसीकरण कार्डाशी ताडून पाहता येते.

प्रयोगशाळेत ३ मिलिमीटरच्या पंचाने ठिपक्याच्या मध्यातून एक चकती काढावी. तीत साधारण ३ मायक्रोलिटर रक्त, म्हणजे अंदाजे दीड मायक्रोलिटर सीरम असते. ती ०.०५ टक्के ट्वीन-२० (अपमार्जक) असलेल्या ३०० मायक्रोलिटर फॉस्फेट बफरमध्ये ४ अंशांवर रात्रभर हळूहळू हलत ठेवली, की सीरम सुमारे १:२०० पातळ झालेले मिळते. सकाळी दोन गोष्टी उजेडात धरून पाहाव्यात: द्रव एकसारखा तांबूस झालेला असावा, आणि चकती जवळपास पांढरी पडलेली असावी. चकती अजून गडद आणि द्रव फिकट असेल, तर तो नमुना उष्णतेने किंवा ओलीने खराब झालेला आहे. तो बाद करावा आणि वहीत तसे लिहावे. दीड मायक्रोलिटर हा आकडा अंदाजी आहे, हेही विसरू नये. हिवतापाच्या भागात रक्तक्षय सर्रास असतो, आणि ज्याच्या रक्तात पेशी कमी त्याच्या चकतीत सीरम थोडे जास्त, असा साधा हिशेब आहे.

प्लेट

एलायझा १९७१ पासून वापरात आहे आणि तिचे तत्त्व सोपे आहे: प्लॅस्टिकला परजीवीचे प्रथिन चिकटवायचे, त्यावर सीरम घालायचे, चिकटलेल्या मानवी प्रतिपिंडांना विकर (एन्झाइम) जोडलेले दुसरे प्रतिपिंड जोडायचे, आणि विकराने उठवलेला रंग मोजायचा. प्लेटवरच्या ९६ खळग्यांना प्रयोगशाळेत सगळे ‘वेल’ म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे.

आदल्या दिवशी दुपारी ९.६ सामूच्या (पीएच) कार्बोनेट-बायकार्बोनेट बफरमध्ये प्रथिन दर मिलिलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम या प्रमाणात मिसळावे आणि प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर घालावे. एका प्लेटसाठी ९.६ मिलिलिटर पुरते, तरी ११ मिलिलिटर करावे. साठ्याचे प्रमाण दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असेल तर त्यासाठी फक्त साडेपाच मायक्रोलिटर प्रथिन लागते. इतक्या कमी प्रथिनावर काम भागते, हे पाहून पहिल्यांदा विश्वास बसत नाही आणि हात सैल सुटतो. तसे होऊ देऊ नये, कारण जास्त प्रथिनाने रंग वाढत नाही, पार्श्वभूमी मात्र वाढते. योग्य प्रमाण कोणते, हे एका प्लेटवर प्रथिनाची चार-पाच प्रमाणे आडवी आणि सीरमची उभी लावून एकदा ठरवून घ्यावे. प्लेट झाकून ४ अंशांवर रात्रभर ठेवावी.

सकाळी ०.०५ टक्के ट्वीन घातलेल्या फॉस्फेट बफरने तीनदा धुवावी. धुणे हे या पद्धतीतले सर्वांत दुर्लक्षित काम आहे आणि बहुतेक वाईट प्लेटांचे मूळ तेथेच असते. प्रत्येक वेल काठोकाठ भरावा, अर्धा मिनिट थांबावे, प्लेट सिंकवर एका झटक्यात उलटावी, आणि मग टिश्यूपेपरच्या जाड घडीवर पालथी आपटून आतले शेवटचे थेंब काढावेत. कागदावर ९६ ओले ठसे दिसले पाहिजेत, आणि तिसऱ्यांदा आपटल्यावर ते जवळपास दिसेनासे झाले पाहिजेत. एखाद्या कोपऱ्यातले ठसे ठळकच राहिले तर त्या वेलांमध्ये बफर साचून आहे असे समजावे. मात्र प्लेट कोरडी पडू देऊ नये, पुढचा द्रव हाताशी तयार ठेवूनच धुण्याला सुरुवात करावी. त्यानंतर प्लॅस्टिकची रिकामी जागा बुजवण्यासाठी स्निग्धांशरहित दुधाच्या भुकटीचे १ ते ५ टक्के द्रावण वेलमध्ये भरून तीन तास ठेवावे.

सीरम १:१००० पातळ करताना एक मायक्रोलिटर उचलून एक मिलिलिटरमध्ये टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण इतके थोडे मोजताना सर्वांत चांगली पिपेटही भरवशाची नसते. पाच मायक्रोलिटर सीरम २४५ मध्ये, म्हणजे १:५०, आणि त्यातले दहा १९० मध्ये, असे दोन पायऱ्यांनी जावे. कागदावरून मिळवलेला द्रव आधीच १:२०० असल्याने त्याचे ५० मायक्रोलिटर २०० मध्ये घालावेत. एएमए-१ साठी बहुधा १:२००० लागते, नाहीतर प्रौढांचे सगळे आकडे छताला टेकतात. प्रत्येक सीरम दोन वेलमध्ये घालावे, आणि ते दोन वेल शेजारी असण्यापेक्षा दूर असलेले बरे, कारण प्लेटच्या कडेचे वेल लवकर तापतात आणि सुकतात. प्रत्येक प्लेटवर काही वेल कोऱ्या बफरचे, दोन-तीन नकारात्मक सीरमचे, आणि एक संपूर्ण स्तंभ सकारात्मक सीरमच्या दुपटी-दुपटीने पातळ केलेल्या मालिकेचा असावा. हे सीरम हिवतापाच्या भागातल्या दहा-बारा प्रौढांचे एकत्र केलेले चालते. दुसऱ्या प्रयोगशाळांशी तुलना करायची असेल तर ब्रिटनच्या एनआयबीएससी या जैविक प्रमाण-नमुने पुरवणाऱ्या संस्थेकडून मिळणारे १०/१९८ क्रमांकाचे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण-सीरम घेऊन आपल्या मिश्रणाला त्याच्याशी जुळवून एकके द्यावीत.

सीरम रात्रभर ४ अंशांवर ठेवून, पाचदा धुऊन, कॉन्जुगेट, म्हणजे मानवी आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांचा मुख्य वर्ग) ओळखणारे आणि एचआरपी हे विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड, घालावे आणि तीन तास ठेवावे. येथे स्वतःची एक फजिती सांगतो. एकदा सकाळपासून लावलेल्या चारही प्लेटांवर सकारात्मक सीरमच्या स्तंभातसुद्धा रंगाचा थेंब उठला नाही. कॉन्जुगेट जुने झाले असेल म्हणून नवी बाटली उघडली, तरी तेच. दोन दिवसांनी लक्षात आले की, कॉन्जुगेट ज्या बफरमध्ये पातळ केले होते त्यात बुरशी येऊ नये म्हणून मीच महिन्याभरापूर्वी सोडियम अझाइड घालून ठेवले होते. अझाइड एचआरपी विकराला निकामी करते. सीरम साठवताना ते चालते, कारण पुढे धुण्यात निघून जाते; कॉन्जुगेटच्या बफरमध्ये मात्र त्याचा अंशही नको. तेव्हापासून त्या बाटल्यांवर लाल अक्षरात ‘अझाइड आहे’ असे लिहितो.

शेवटी टीएमबीचा, म्हणजे विकरामुळे रंग धरणाऱ्या रसायनाचा, द्रव घालून प्लेट अंधारात दहा ते पंधरा मिनिटे ठेवावी, निळा रंग आला की गंधकाम्लाने थांबवावी, आणि पिवळा झालेला रंग लगेच ४५० नॅनोमीटरवर वाचावा. टीएमबी आणि आम्ल ही दोन्ही सगळ्या वेलांमध्ये एकाच क्रमाने आणि एकाच गतीने घालावे, म्हणजे प्रत्येक वेलला सारखाच वेळ मिळतो. मानवी रक्त असल्याने हातमोजे, टिपा हायपोक्लोराइटमध्ये टाकणे आणि आम्ल हाताळताना चष्मा, यांत कसूर नको.

आकडे

रीडरने दिलेल्या ओडीतून (रंग किती गडद आहे त्याच्या आकड्यातून) कोऱ्या वेलांची सरासरी वजा करावी. दोन जोडवेलांचे आकडे ०.८४ आणि ०.९० आले तर तफावत (प्रमाण-विचलन भागिले सरासरी) पाच टक्क्यांच्या आत आहे, सरासरी घ्यावी, ०.६० आणि ०.८४ आले तर ती २३ टक्क्यांच्या पुढे जाते, तो नमुना पुन्हा लावावा. नुसती ओडी एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर नेता येत नाही, म्हणून सकारात्मक सीरमच्या मालिकेतून चार घटकांचा एस-आकाराचा वक्र बसवून प्रत्येक ओडीचे एककांत रूपांतर करावे.

सकारात्मक कोणाला म्हणायचे, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. रूढ पद्धत अशी की, ज्यांनी हिवताप कधीच पाहिलेला नाही अशा लोकांच्या आकड्यांची सरासरी अधिक तीन प्रमाण-विचलने ही सीमा धरावी, सरासरी ०.१२ आणि विचलन ०.०५ असेल तर सीमा ०.२७ येते. अडचण ‘असे लोक’ मिळण्याची आहे. मुंबईच्या रक्तपेढीतल्या दात्याला हिवताप कधीच झाला नसेल, हे कशाच्या आधारे मानायचे, जेव्हा पाण्याच्या टाक्यांत वाढणारा स्टीफेन्साय डास तेथे हिवताप पसरवत आला आहे? म्हणून कित्येक जण हिवताप नसलेल्या देशांतले सीरम वापरतात. पण त्या लोकांची इतर संसर्गांची पार्श्वभूमी आपल्याकडच्यांसारखी नसते आणि सीमा खाली सरकते. माझ्या मते आपल्याकडच्या सर्वेक्षणात मिश्र-वितरणाची पद्धत अधिक प्रामाणिक आहे: सगळ्या नमुन्यांचे आकडे लॉग प्रमाणावर मांडावेत, त्यांत एक नकारात्मकांचा आणि एक सकारात्मकांचा असे दोन डोंगर संगणकाला शोधू द्यावेत, आणि नकारात्मक डोंगराच्या सरासरीपासून तीन विचलने वर सीमा आखावी. दोन डोंगर स्पष्ट वेगळे दिसत नसतील, तर सीमा ओढण्याचा हट्ट सोडून आकडे तसेच वापरावेत.

एक वर्षाखालच्या बालकांचे नमुने या हिशेबातून वगळावेत, कारण त्यांच्या रक्तात वारेतून आलेली आईची प्रतिपिंडे असू शकतात.

आता वयोगटानुसार सकारात्मकांचे प्रमाण मांडावे. वर्षाला किती टक्के नकारात्मक लोक सकारात्मक होतात आणि किती सकारात्मक पुन्हा नकारात्मक होतात, या दोन दरांवरून हा वक्र ठरतो. समजा पहिला दर ०.०५ आणि दुसरा ०.०१ आहे, तर दहाव्या वर्षी सुमारे ३८ टक्के आणि विसाव्या वर्षी ५८ टक्के लोक सकारात्मक असतील. पहिला दरही ०.०१ असेल तर हेच आकडे ९ आणि १६ येतात. प्रत्यक्ष वक्रात एखाद्या वयाला पायरीसारखी उडी दिसली, म्हणजे बारा वर्षांखालची मुले जवळपास सगळी नकारात्मक आणि त्यावरची बरीच सकारात्मक, तर बारा वर्षांपूर्वी त्या गावात संक्रमण झपाट्याने घटले असावे, असा अंदाज बांधता येतो. मच्छरदाण्यांचे वाटप किंवा फवारणी कोणत्या वर्षी झाली, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत पाहून तो तपासावा. मात्र हा वक्र माणसे गावातच वाढली असे गृहीत धरतो. गोव्यातल्या बांधकामांवर परराज्यांतून आलेल्या मजुरांचे नमुने घेतले, तर त्यांच्या सीरममध्ये त्यांच्या मूळ गावाचा हिवताप बोलतो, गोव्याचा नव्हे. म्हणून गेल्या पाच वर्षांत कोठे कोठे राहिलात, हा प्रश्न प्रश्नावलीत असलाच पाहिजे. व्हायव्हॅक्सच्या बाबतीत आणखी गुंता असा की, यकृतात दडून बसलेली रूपे महिन्यांनंतर उठतात आणि डास न चावताही प्रतिपिंडे पुन्हा वाढतात.

संपर्क आणि संरक्षण

ज्याच्या रक्तात प्रतिपिंडे जास्त त्याला हिवताप होणार नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई फार जणांना होते. प्रतिपिंडे संरक्षण देऊ शकतात यात शंका नाही. १९६१ मध्ये कोहेन, मॅक्ग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी गांबियातल्या प्रौढांच्या रक्तातून वेगळे केलेले आयजीजी आजारी बालकांना दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले होते. पण त्या प्रौढांत ज्या शेकडो प्रकारची प्रतिपिंडे होती, त्यांतली नेमकी कोणती कामाला आली, हे त्या प्रयोगाने सांगितले नाही. पश्चिम केनियातल्या बालकांना एमएसपी-१ च्या ४२ किलोडाल्टन तुकड्याची लस दिली तेव्हा प्रतिपिंडे चांगली तयार झाली, हिवताप मात्र थांबला नाही. दिल्लीच्या आयसीजीईबी या संशोधन केंद्रात विकसित झालेल्या जैव्हॅक-१ या लशीत ईबीए-१७५ आणि एमएसपी-१ या मेरोझॉइटच्या दोन प्रथिनांचे तुकडे होते; तिच्या पहिल्या टप्प्यातील चाचणीत तर ईबीए-१७५ या घटकाला प्रतिसाद मिळाला आणि एमएसपी-१ च्या तुकड्याला अगदी दुबळा. एलायझा प्रतिपिंड चिकटले एवढेच पाहते. चिकटून त्याने काय केले, हे पाहत नाही.

संरक्षणाबद्दल काही म्हणायचे असेल तर आणखी मोजावे लागते. आयजीजीच्या उपवर्गांपैकी आयजीजी-१ आणि आयजीजी-३ हे भक्षक पेशींना बोलावू शकतात, म्हणून उपवर्गनिहाय कॉन्जुगेट वापरून ते वेगळे मोजावेत. आयजीजी-३ चे रक्तातले प्रमाण साधारण आठवडाभरात निम्मे होते, तर आयजीजी-१ चे तीन आठवड्यांत, त्यामुळे आयजीजी-३ जास्त असणे हे संपर्क अलीकडचा असल्याचे लक्षणही असू शकते. पकड किती घट्ट आहे हे पाहण्यासाठी सीरमनंतर काही वेल युरियाच्या द्रावणाने धुऊन उरलेला रंग मोजावा. आणि प्रतिपिंडे खरोखर परजीवीला अडवतात का, हे पाहायचे तर शुद्ध आयजीजी संवर्धनातल्या जिवंत परजीवीवर घालून त्यांची वाढ किती रोखली जाते ते मोजावे लागते. त्यासाठी परजीवी संवर्धनाची सोय असलेली प्रयोगशाळा लागते, आणि ती नसेल तर अहवालात ‘संरक्षण’ हा शब्द लिहू नये, ‘संपर्क’ लिहावा.

अहवालात प्रत्येक निकालासोबत प्रथिनाची जात, वाण, घडीची तपासणी केल्याची तारीख, सीरम किती पातळ केले, नमुना शिरेतला की कागदावरचा, आणि सीमा कोणत्या पद्धतीने ठरवली, एवढे लिहावे. उरलेले सीरम ५० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवावे, म्हणजे एकच नळी वारंवार वितळवावी लागत नाही. सकारात्मक सीरमचे मिश्रण शेवटच्या पाच नळ्यांवर आले की नवे मिश्रण तयार करून दोन्ही एकाच प्लेटवर निदान तीनदा शेजारी-शेजारी लावावेत आणि नव्याची एकके जुन्यावरून ठरवावीत. जुने संपल्यावर हे करता येत नाही, आणि मग गेल्या वर्षीच्या गावाची या वर्षीच्या गावाशी तुलना तेथेच थांबते.